तिकीट बंद झालं, पण कारण सापडलं का?

मुलानं पदवी घेतली, हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी लागली, आणि काम काय, तर दिवसभर फोनवर लोकांचे पासवर्ड बदलून देणं. वर रात्रपाळी. ‘याचसाठी एवढं शिकवलं का?’ ही पालकांची घालमेल मला कळते. तरीही सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं असेल, तर हेल्प डेस्कइतकी चांगली सुरुवात मला दुसरी दिसत नाही. मात्र तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं की काम संपलं, असं मानणारा तिथेच राहतो.

रोजचंच उदाहरण घ्या. कुणाचं तरी खातं सारखं लॉक होतं. तुम्ही अनलॉक करता, तिकीट बंद होतं, आणि दुपारी पुन्हा तोच फोन. बहुतेकदा पासवर्ड बदललेला असतो, पण जुना कुठेतरी राहून गेलेला असतो: मोबाइलवरच्या मेलमध्ये, मॅप केलेल्या ड्राइव्हमध्ये, एखाद्या शेड्युल्ड टास्कमध्ये. तिथून चुकीचा पासवर्ड जात राहतो आणि खातं लॉक होतं. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद पाहिली, की हे कोणत्या संगणकावरून होतंय त्याचा सहसा माग लागतो. हेल्प डेस्कच्या पहिल्या पातळीला, म्हणजे एल-वनला, तो लॉग पाहायची परवानगी बहुतेकदा नसते. मग वरच्या पातळीवरच्या, एल-टूच्या सीनिअरला विचारा, ‘सर, लॉगमध्ये काय सापडलं?’ असं विचारणारा मुलगा वरिष्ठांच्या लक्षात राहतो.

१९ जुलै २०२४ आठवून पाहा. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. कितीतरी यंत्रं एकेक करून सेफ मोडमध्ये सुरू करायची, एक फाइल काढून टाकायची, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की शोधायची. अशा दिवशी की कुठे ठेवल्यात हे माहीत असलेला माणूस हुद्दा न पाहता पुढे बोलावला जातो.

सरावासाठी घरचा लॅपटॉप पुरतो, रॅम १६ जीबी असावी. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, रॉकी किंवा अल्मा लिनक्सला पैसे पडत नाहीत. डोमेन उभं करा, डीएनएस मुद्दाम बिघडवा, दुरुस्त करा. पन्नास युजर हातानं न बनवता पॉवरशेलनं बनवा. बॅकअप घ्या, आणि तो परत आणून दाखवा. हे शेवटचं फार थोडे जण करतात.

प्रमाणपत्र एकच निवडा. लिनक्सकडे ओढा असेल तर आरएचसीएसए: त्यात पर्यायी प्रश्न नसतात, चालत्या यंत्रावर काम करून दाखवावं लागतं. क्लाउडकडे असेल तर मायक्रोसॉफ्टचं एझेड-१०४. एमसीएसए हे प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२१ मध्येच बंद केलं, त्या नावावर कुणी फी मागत असेल तर पालकांनी देऊ नये.

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि सर्व्हरवर ते सहसा शनिवार-रविवारी चढवले जातात. पॅच चढवायची पुढची पाळी कधी आहे ते तुमच्या मॅनेजरला आजच विचारा, आणि त्या रात्री सोबत बसू द्या म्हणा.