वाचनानंद : नित्याचा आणि निकटचा

ग्रंथप्रेमी वाचकाचा आनंद पुस्तक उघडण्यापूर्वीच सुरू होतो. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची आहे. अशा वाचनालयात कपाटापुढे रेंगाळणे, आधीच्या वाचकाने समासात केलेली पेन्सिलीची खूण, परतीच्या तारखेची हुरहुर हे सारे त्या आनंदाचेच घटक होत.

हा आनंद वाचनानंतरही टिकतो. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) ही कादंबरी दापोली परिसरात घडते. ती वाचलेल्या माणसाला पोफळीची बाग केवळ बाग वाटत नाही, एस.टी.तल्या बोलण्यातही त्याला पात्रांचा स्वर ऐकू येतो.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी व घर सांभाळून अभ्यास करतात. केवळ परीक्षेसाठी वाचताना प्रथम हा आनंद हरवतो. तो हरवला की आस्वादक्षमता क्षीण होते आणि उत्तरात दुसऱ्याचे मत तेवढे उरते. म्हणून रोज दोन पाने तरी परीक्षेशी संबंध नसलेली वाचावीत. तो अभ्यासातील खंड नव्हे, अभ्यासाचा पाया आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : एखाद्या पुस्तकामुळे आपल्या परिचयाचे कोणते स्थळ आपणांस निराळे दिसू लागले? पाच-सहा वाक्यांत लिहा.