बातमी पाठवावी कशी?

‘आम्ही प्रसिद्धीपत्रक पाठवतो, पण वृत्तपत्रवाले छापत नाहीत,’ अशी तक्रार आपले अनेक लघुउद्योजक करतात. जनसंपर्काच्या कामात सुरुवातीला आमचीही हीच तक्रार होती. एका कारखान्याच्या उद्घाटनाचे दोन पानी पत्रक आम्ही सर्व दैनिकांना पाठवले. त्यात मालकांची स्तुती आणि मान्यवरांची नावे होती. एक ओळही छापून आली नाही. एका उपसंपादकांना कारण विचारले, तर ते म्हणाले, ‘यात आमच्या वाचकासाठी काय आहे?’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

वार्ताहर मालकासाठी नव्हे, वाचकासाठी लिहितो. समजा, मालेगावच्या एका यंत्रमागधारकाने सौरऊर्जा बसवली. ‘मान्यवरांच्या हस्ते शुभारंभ’ ही बातमी नव्हे. आधी वीजबिल किती येत होते, आता किती येते, खर्च किती वर्षांत वसूल होईल, ही बातमी आहे. कारण ती शेजारच्या कारखानदाराच्याही उपयोगाची आहे.

पत्रक पाठवताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) व्यापार, शेती, शिक्षण यांचे वार्ताहर वेगळे असतात. आपल्या विषयाचा वार्ताहर कोण, हे त्याच्या बातम्या वाचून ठरवावे.

२) मजकूर एका पानात बसवावा. काय, कोठे, केव्हा, कोणी, का आणि कसे, हे सुरुवातीलाच यावे.

३) माहिती देऊ शकेल अशा जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन नंबर द्यावा. फोन आला की तो उचलावा.

४) संध्याकाळी पाने लावण्याच्या घाईत फोन करू नये. आठवण एकदाच करावी.

५) ‘फक्त तुम्हालाच देतो’ असे सांगून तीच बातमी दुसऱ्याला देऊ नये.

६) पाकीट देऊ नये आणि जाहिरात बंद करण्याची धमकीही देऊ नये. स्तुतीच हवी असेल तर रीतसर जाहिरात द्यावी.

खरी कसोटी वाईट बातमीच्या वेळी लागते. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळून ५० हून अधिक लोक मरण पावले. अपघात दडपण्याची त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत होती. पण पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे जनसंपर्काचे काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी कंपनीच्या वतीने निवेदन काढले आणि वार्ताहरांना घटनास्थळी जाण्याची सोय करून दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाची सुरुवात येथूनच झाली असे मानतात.

यातून आपण धडा घ्यावा. मालात खोट निघाली, कारखान्यात अपघात झाला, तर वार्ताहराला टाळू नये. जे ठाऊक आहे ते सांगावे. जे ठाऊक नाही ते चौकशी करून कळवतो म्हणावे आणि खरोखरच कळवावे. वार्ताहराला एकदा खोटे सांगितले की पुढची दहा खरी पत्रकेही केराच्या टोपलीत जातात. बाजारात जशी पत लागते, तशीच ती वृत्तपत्राच्या कचेरीतही लागते.