पावसाळ्यातील लेणीदर्शन आणि त्यानंतरचे तीन आठवडे

बौद्ध भिक्खुसंघात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ ‘वर्षावास’ म्हणून पाळला जातो, म्हणजे एरवी गावोगाव चारिका करणाऱ्या भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एकाच ठिकाणी मुक्काम करायचा असतो. विनयपिटकात या नियमाचे कारणही नोंदलेले आहे, ते असे की पावसात हिंडणाऱ्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि असंख्य बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. सह्याद्रीच्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरले गेलेले विहार, म्हणजे भिक्खूंची निवासस्थाने, आणि चैत्यगृहे, म्हणजे स्तूपासमोर वंदनेसाठी जमण्याची दालने, अशा मुक्कामाला फार उपयोगी पडली. आता लोक त्याच लेण्यांकडे नेमके पावसाळ्यातच घराबाहेर पडून जातात. अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावातून, उल्हासनगरच्या वसाहतींतून आणि बदलापुरातून निघणाऱ्यांपैकी कुणी वंदनेसाठी जातो, कुणी शिल्पे व शिलालेख पाहण्यासाठी, तर कुणी धबधब्यासाठी, आणि ही तिन्ही कारणे रास्त असल्यामुळे जाऊ नये असा सल्ला देण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या दिवशी घडणाऱ्या अपघातांची जेवढी चर्चा होते, तेवढी त्यानंतरच्या तीन आठवड्यांत येणाऱ्या तापाची होत नाही, आणि वैद्यकाच्या दृष्टीने हा ताप अधिक फसवा आहे.

या भागातील लोकांना सर्वांत सोयीचे लेणे म्हणजे कर्जतजवळचे कोंडाणे. अंबरनाथहून लोकलने कर्जत, तेथून रिक्षाने कोंदिवडे आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चालत, असा हा मार्ग आहे. येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानले जाते आणि त्याच्या दर्शनी भागाशेजारी कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याचे सांगणारा छोटा शिलालेख आहे. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पडणारे पाणी थेट या दर्शनी भागासमोर कोसळते, त्यामुळे माना वर करून चैत्यकमान पाहणारा माणूस शेवाळलेल्या कातळावर उभा असतो आणि त्याचे लक्ष पायांकडे नसते. मनगटाचे, घोट्याचे आणि माकडहाडाचे अस्थिभंग येथे असेच होतात. पाण्याच्या धारेखाली उभे राहणे तर सर्वथा टाळावे, कारण पाण्याबरोबर वरून दगड येतात आणि मुठीएवढा दगडही त्या उंचीवरून डोक्यावर पडल्यास कवटी फुटू शकते.

दुसरी गोष्ट नदीची. ज्या उल्हास नदीचे नाव उल्हासनगराला मिळाले, तिचा उगम राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत होतो आणि कोंडाणे तिच्याच खोऱ्यात आहे. म्हणून लेण्याजवळ रिमझिम असली तरी घाटमाथ्यावर मुसळधार पडल्यास वाटेतले ओहोळ पाहता पाहता भरतात आणि सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. परतीच्या वाटेवरचा ओढा फुगलेला दिसल्यास पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे. घरी पोहोचण्यास रात्र झाली तरी चालेल. जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते, तेव्हा त्यामागे दरवर्षीच्या बुडण्याच्या घटना असतात, हेही लक्षात ठेवावे.

आता मुख्य विषय, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हा रोग लेप्टोस्पायरा नावाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पिळदार दिसणाऱ्या जिवाणूंमुळे होतो; हे जिवाणू उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून बाहेर पडतात, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस तग धरतात आणि माणसाच्या कातडीवरील जखमेतून, पायाच्या भेगांतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक अस्तरातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आल्याने हा शहरातल्या तुंबलेल्या पाण्याचा रोग आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः तो मूळचा शेताचा रोग आहे. आवणीच्या दिवसांत लेण्यांकडे जाणाऱ्या वाटा भातखाचरांच्या बांधांवरून जातात, बांध निसरडे असल्याने चालणारा हमखास चिखलात उतरतो, आणि त्याच खाचरांत गुरे फिरलेली असतात व उंदरांची बिळेही असतात.

जिवाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ५ ते १४ दिवस जातात, क्वचित महिनाही लागतो. मग एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप, डोकेदुखी, पू किंवा चिपडे नसताना लाल झालेले डोळे आणि पोटऱ्या व कंबर यांचे तीव्र दुखणे सुरू होते. पोटऱ्यांचे हे दुखणेच रुग्णाला फसवते, कारण डोंगर चढून आलेला माणूस त्याचा दोष चढणीला देतो आणि बाम चोळून कामावर जातो. दोन्ही दुखण्यांतला फरक घरच्या घरी ओळखता येण्याजोगा आहे: चढणीचे दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, आठवड्याच्या आत ओसरते आणि त्यासोबत ताप नसतो; लेप्टोचे दुखणे बहुतेकदा चढणीचे दुखणे निवल्यानंतर तापाबरोबर येते आणि पोटरी हलकेच दाबली तरी रुग्ण कळवळतो. काही रुग्णांत हा ताप आठवडाभरात आपोआप उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि एक-दोन दिवसांनी दुसरी अवस्था सुरू होते. तिच्यात कावीळ, लघवी कमी होणे, दम लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे हे गंभीर प्रकार उद्भवू शकतात. त्यामुळे ताप उतरल्याने रोग गेला, असे या दिवसांत गृहीत धरता येत नाही.

त्याच्याच जोडीचा आणि त्याहूनही कमी परिचित असा दुसरा रोग म्हणजे स्क्रब टायफस. झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका कोळीवर्गीय जिवाची अळी चावल्याने तो होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळल्यानंतर महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, परंतु ती दुखत नाही, खाजत नाही आणि काख, जांघ, कमरपट्ट्याखालची घडी, स्तनांखालची जागा किंवा गुडघ्यामागचा भाग अशा ठिकाणी असते, जेथे रुग्णाचे स्वतःचे लक्ष जात नाही आणि संकोचामुळे ती डॉक्टरांना दाखवलीही जात नाही. लेणीदर्शनानंतर सहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही ताप आल्यास घरातल्या विश्वासाच्या माणसाकडून अंग नीट तपासून घ्यावे आणि अशी खपली आढळल्यास ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. वेळेवर निदान झाल्यास साध्या, स्वस्त गोळ्यांनी हा रोग दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतो. प्रतिबंधासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली विजार, गवतावर थेट न बसणे आणि घरी परतताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करणे एवढे पुरते.

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक या दोन्ही रोगांवर चालते, आणि लेप्टोच्या प्रतिबंधासाठी दूषित पाण्यातून चालावे लागलेल्या प्रौढांना २०० मिलिग्रॅमची एक मात्रा डॉक्टर देतात. हे औषध गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना प्रतिबंधासाठी दिले जात नाही, ते भरपूर पाण्यासोबत घ्यावे लागते आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. म्हणून मित्राने आणलेल्या पाकिटातून गोळी वाटून घेणे योग्य नव्हे. तापाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. पावसाळी ताप डेंग्यूचाही असू शकतो आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके घेऊ नयेत; पॅरासिटामॉल तेवढे चालते.

लेण्यांना श्रद्धेने येणारी वडीलधारी मंडळी चैत्याच्या उंबरठ्यावर चपला काढतात, काहीजण संपूर्ण वाट अनवाणी चालतात. ही भावना आदराची आहे आणि तिला धक्का न लावताही पाय सांभाळता येतात: वाटेवर घट्ट पकडीचे बूट घालावेत, ते दालनाच्या दारातच काढावेत, आणि बाहेर येताच पाय कोरडे पुसून सोबत आणलेले कोरडे मोजे चढवावेत. बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा या जिवाणूंच्या उघड्या वाटा असल्याने त्या आधीपासून असतील, तर बऱ्या होईपर्यंत चिखलाची वाट टाळावी. मधुमेहींनी याबाबत विशेष दक्ष राहावे, कारण अनेकांच्या तळपायांची संवेदना मंदावलेली असते, बुटात शिरलेला खडा दिवसभर टोचत राहिला तरी त्यांना कळत नाही, आणि ओल्या बुटात तासन्‌तास भिजून मऊ पडलेल्या कातडीवर झालेली ती जखम चिघळल्यास बोट गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यांनी लेण्यातल्या विश्रांतीच्या वेळी आणि घरी आल्यावर, असे दोनदा तळपाय उजेडात पाहावेत.

पाण्याविषयी. बोरिवलीजवळच्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील बऱ्याच लेण्यांशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ज्यांना तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कातळावरच्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यांत उतरवण्याची ती योजना थक्क करणारी आहे. ज्या काळी तेथे संघ राहत होता, त्या काळी या पोढ्यांची निगा राखली जात असावी. आज त्या उघड्या आहेत, त्यांत पाने कुजतात आणि माकडे उतरतात. त्यांतले पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. अशा पाण्यातून विषमज्वर, हगवण आणि हिपॅटायटिस अ व ई या दोन प्रकारच्या काविळी पसरतात, आणि यांतील ई प्रकार गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. कान्हेरीच्याच माकडांनी चावा घेतला वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

सर्पदंशाबाबत थोडक्यात सांगायचे तर, पावसात कोरड्या जागेच्या शोधात साप विहाराच्या कोनाड्यांत आणि दगडी बाकांखाली शिरतात, म्हणून विजेरीचा प्रकाश टाकल्याशिवाय अंधाऱ्या खोलीत हात किंवा पाय घालू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर सरकारी रुग्णालयांतील प्रतिविष चालते. झुडपांत आढळणाऱ्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, मात्र त्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो. कोणताही दंश झाल्यास करकचून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही न करता अंगठी, पैंजण, घड्याळ काढावे, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोंदिवड्यापर्यंत बोलावता येते आणि जवळचे उपजिल्हा रुग्णालय कर्जतला आहे.

लेणीदर्शनानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आल्यास अंबरनाथचे छाया रुग्णालय असो, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो किंवा गल्लीतला दवाखाना, केसपेपर काढताना ‘ताप’ एवढेच सांगून थांबू नये. कोणत्या तारखेला कोठे गेलो होतो, चिखलातून किंवा साचलेल्या पाण्यातून चाललो होतो काय, पायाला जखम होती काय आणि सोबतच्यांपैकी आणखी कुणाला ताप आहे काय, हे स्वतःहून सांगावे, कारण शेकडो तापांच्या गर्दीत डॉक्टरांना योग्य तपासणी सुचते ती या माहितीवरून. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार होण्यास पाच ते सात दिवस लागतात, त्यामुळे तापाच्या दुसऱ्या दिवशी आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल रोग नसल्याचा पुरावा ठरत नाही. डॉक्टरांनी लक्षणांवरून औषध सुरू केले असल्यास ते तशा अहवालामुळे बंद करू नये आणि आठवड्याने तपासणी पुन्हा करून घ्यावी. या मधल्या काळात लघवी किती होते यावर लक्ष ठेवावे, आणि ती निम्म्यावर आली किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर दुसऱ्या दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.