घरचं दूध आधी, रतीब नंतर

मुरबाड-शहापूरकडचं दूध कल्याण-डोंबिवलीत पोचतं. आपली पोरं मात्र कोऱ्या चहावर, असं नको.

👉 २५० मिली दुधात सुमारे ३०० मिग्रॅ कॅल्शियम असतं. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिग्रॅ लागतं. म्हणजे एका मोठ्या पेल्यात जवळजवळ निम्मी गरज भागते.

👉 दुधाने पोट बिघडतं? दही-ताक घ्या, अनेकांना ते सोसतं. सोबत नाचणीची भाकरी. तिच्यातही भरपूर कॅल्शियम आहे.

👉 धारोष्ण दूध पिऊ नका. जनावराचा क्षय, ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो. दूध उकळूनच प्या.

धार काढली की घरचं दूध आधी बाजूला ठेवा, मग कॅन भरा. 🙏