एआरटी केंद्रात कोण येतं?

प्रश्न : माझ्या नणंदेला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. सरकारी केंद्रात ‘तसलेच’ लोक येतात, म्हणून सासूबाई तिला पाठवायला तयार नाहीत. काय करावं?

उत्तर : तिला या आठवड्यातच पाठवा. एआरटी केंद्राबाहेरच्या (म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार देणाऱ्या सरकारी केंद्राबाहेरच्या) बाकावर ट्रकचालक, ऊसतोड मजूर दिसतात, तशाच शिक्षिका, दुकानदार आणि जन्मतःच लागण झालेली, आता कॉलेजात जाणारी मुलंही. नवऱ्याकडून लागण झालेल्या गृहिणी तर कितीतरी. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया आणि तृतीयपंथीही येतात. उपचारांवर त्यांचा हक्क तुमच्या नणंदेइतकाच आहे.

परिस्थितीचा फरक पडतो तो उपचार टिकवण्यात. मजुराची त्या दिवसाची रोजी बुडते. खात्यापित्या घरची बाई ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने जवळचं केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यात जाते, एसटीत बसण्याआधी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडते, आणि घरी पाहुणे आले की गोळी चुकवते. माझ्या मते गरिबीइतकीच ही लाजही घातक आहे.

एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत मिळतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. नियमित घेतली, विषाणूचं प्रमाण तपासणीत न सापडण्याइतकं खाली आलं आणि तसंच राहिलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नणंदेची माहिती गुप्त ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे. तिच्या नवऱ्याची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या. शंका असल्यास 1097 या हेल्पलाइनवर मोफत फोन करा, आणि पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः तिच्यासोबत जा.