ब्लूबेल लावण्याआधी

चि. मृण्मयी,


फोटो मिळाला. फुलं छानच आहेत, पण ती इंग्लंडच्या रानातली ब्लूबेल नसावी असं मला वाटतं. तुझ्या फुलांचा दांडा ताठ आहे आणि फुलं चहूबाजूंनी लागलीत. इथल्या अस्सल ब्लूबेलचा शेंडा एका बाजूला झुकतो, पानं अरुंद असतात आणि तिला गोड वास येतो. खात्री करायची तर नुकतंच उमललेलं फूल उकलून पराग बघ. साईच्या रंगाचे असले तर इथली. निळसर असले तर स्पॅनिश, नाहीतर दोघींचा संकर. शिळं फूल घेऊ नकोस, त्यात रंग कळत नाही.

एवढा कीस काढतेय, कारण तुझ्या कुंपणापलीकडे जुनं रान आहे. मधमाश्या काही कुंपण मानत नाहीत. निळे पराग निघाले तर पानं दिसताहेत तोवरच कंद खणून काढ. ते रानाच्या कडेला मुळीच टाकू नकोस. पुष्कळजण नेमकं तेच करतात.

नवे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरात हेझलखाली लाव, साधारण 10 सेंमी खोल. फार वेळ उघड्यावर ठेवू नकोस, लगेच सुकतात. रानातली ब्लूबेल उपटून विकायला 1998 पासून बंदी आहे, तेव्हा कंद कुठे वाढवलेत ते दुकानदाराला विचार. उत्तर देताना चाचरला तर दुसरं दुकान गाठ. बियांपासून करायचं तर फुलं यायला पाचेक वर्षं लागतात.

हेझलला पालवी भरायच्या आत मिळेल तेवढं ऊन ही पानं घेतात आणि कंद भरतात. म्हणून फुलं सरली की पानं कापायची नाहीत, तुडवायची तर नाहीतच. आपल्याकडचा रानकांदा याच कुळातला, पण त्याची तऱ्हा उलटी: भर उन्हाळ्यात नुसता फुलांचा दांडा, पानं पावसाळ्यात. कंद मात्र तोही पानांच्याच जिवावर भरतो.

स्नोड्रॉप खुशाल लाव. सगळे त्यांना इथलेच समजतात, पण तेही बहुधा माणसांनीच आणलेले. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

ब्लूबेल विषारी असते. छोटीला कंदांशी खेळू देऊ नकोस.

पराग पाहिलेस की फोन कर. निळे निघाले तर शनिवारी फावडं घेऊन येते.

तुझी
आत्या