ज्या आरोपाला तारीखच पडत नाही

मीना नदीकाठच्या आमच्या गावात मी बरीच वर्षं दूध सोसायटीचा सचिव होतो. सभासदांच्या दूधबिलात मी अफरातफर केली, असा अर्ज एकाने पोलिसांत दिला आणि माझा जबाब होण्याआधीच त्या अर्जाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. पुढे दप्तर तपासलं गेलं, जबाब झाले. गुन्हा कधी दाखलच झाला नाही.

लोक म्हणतात, मग सुटलास की! सुटलो कुठे? खटला उभा राहिला असता तर तारखा पडल्या असत्या, साक्षी झाल्या असत्या, शेवटी न्यायाधीशांनी निर्दोष म्हटलं असतं. नुसत्या अर्जाला निकाल नसतो. शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान याला अमली पदार्थांच्या प्रकरणात ऑक्टोबर 2021मध्ये अटक झाली, मे 2022च्या दोषारोपपत्रात त्याचं नाव नव्हतं. ती बातमी निदान सगळीकडे छापून आली. जुन्नर-आंबेगावच्या माणसावर काही निघालं नाही, हे कोण छापणार?

भावकीतल्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यात निमंत्रकांमध्ये माझं नाव नव्हतं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. यात्रेच्या बैठकीचा निरोप यायचा थांबला. आईने हरिपाठाला जाणं सोडलं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची. मुलीचं मंचरकडचं स्थळ ‘बघू, कळवतो’ म्हणत मागे सरलं. सगळ्यांत जास्त सोसलं बायकोने. मी घरात बसू शकत होतो. तिला दळणाला, बचत गटाला जावंच लागायचं.

आज ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी ग्रुपवर उत्तरं देत बसू नये. कोणी, कधी, काय टाकलं त्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या फोनवर ते आलं तो फोन जपा. पोलिसांकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही कायद्याने बदनामी ठरत नाही. ती गावभर फिरवणं ही वेगळी गोष्ट. तुमचं भांडण त्या फिरवण्याशी आहे. बदनामीच्या दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष मिळतं आणि चौकशी त्याहून लांबू शकते. म्हणून चौकशी संपायची वाट न बघता वकील गाठा.

अर्जाचा शेवट कागदावर मिळवा. तो ‘दप्तरी दाखल’ झाल्याचं कोणी आपणहून घरी येऊन सांगत नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून चौकशी अहवालाची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. गुन्हा दाखल होऊन पोलिसांनी न्यायालयात समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल, तर ती ‘ब’ की ‘क’ हे नीट बघा. ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची.

मी माझ्या चौकशी अहवालाची प्रत सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचायला लावली. काही जण मध्येच उठून गेले. तरी इतिवृत्तात नोंद झाली, आणि पुढच्या स्थळाला दाखवायला माझ्याकडे सही-शिक्क्याचा कागद आला.

वकिलाची फी परवडत नसेल तर जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. भीमाशंकरच्या पट्ट्यातले आदिवासी बांधव, अनुसूचित जातींचे लोक आणि सगळ्या महिला यांना 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही.